त्वचेतून मळमळीचे औषध : एका चाचणीचा इतिहास

मळमळीवरचे औषध तोंडावाटे देण्यात एक मूळचीच अडचण आहे. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याच पोटात ते टिकत नाही. गोळी उलटीबरोबर बाहेर पडते, आणि पडली नाही तरी ढवळलेले जठर नीट रिकामे होत नसल्याने औषध आतड्यात उशिरा पोचते. इंजेक्शनला परिचारिका लागते. गुदद्वारातून द्यायची औषधे बऱ्याच रुग्णांना नकोशी वाटतात. म्हणून त्वचेवर चोळायचे जेल किंवा चिकटवायची पट्टी हा मार्ग वैद्यांना आणि औषधकर्त्यांना नेहमीच खुणावत आला. मात्र चोळलेले औषध आत गेले की कातडीवरच वाळून राहिले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ते मोजावे लागते.

या मोजमापाचा इतिहास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. त्यात चार प्रश्न हळूहळू वेगळे होत गेले. जेलमधून औषध सुटते का? सुटलेले औषध त्वचा ओलांडते का? ओलांडलेले औषध रक्तात पुरेसे साठते का? आणि शेवटी, रुग्णाची मळमळ थांबते का? यांतल्या प्रत्येक प्रश्नाची चाचणी निराळी आहे. एकीचे उत्तर दुसरीच्या जागी चालवून घेतले गेले, तेव्हा त्याची झळ आजारी माणसाला बसली.

त्वचा : बंद की सच्छिद्र?

कातडीवर लावलेले औषध शरीरात मुरते, हा समज प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्वचेतील भ्राजक पित्ताचे वर्णन येते. अभ्यंग, परिषेक, अवगाह आणि लेप यांतील द्रव्यांचे पचन हे पित्त करते, असे तिथे सांगितले आहे. युरोपातही मलमे आणि पोटिसांचा वापर शतकानुशतके चालू होता. पण किती द्रव्य आत गेले, हे ठरवण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

१८५५ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडोल्फ फिक याने विसरणाचे नियम मांडले. पडद्यातून पलीकडे जाणाऱ्या द्रव्याचा वेग दोन्ही बाजूंच्या संहतीतील फरकावर आणि पडद्याच्या जाडीवर अवलंबून असतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. पुढे त्वचेतून जाणाऱ्या औषधाचे सगळे गणित याच नियमांवर उभे राहिले. पण एकोणिसाव्या शतकातल्या अनेक वैद्यांना त्वचा असा पडदा आहे हेच मान्य नव्हते. १८७७ मध्ये फ्लायशर याने त्वचा पूर्णपणे अभेद्य असल्याचे ठामपणे लिहिले. १९०४ मध्ये श्वेंकेनबेखर याने ते खोडून काढले. त्वचा पाण्यातल्या क्षारांना बहुतांशी अडवते, पण स्निग्ध पदार्थांत विरघळणाऱ्या द्रव्यांना वाट देते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो टिकला.

कारखान्यांतूनही पुरावा मिळत होता. डायनामाइटच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांची डोकी ठणकत, कारण ते द्रव्य हातांच्या कातडीतून रक्तात उतरून रक्तवाहिन्या फुगवत असे. हेच द्रव्य पुढे हृदयविकारावरचे मलम म्हणून आणि नंतर पट्टी म्हणून वापरात आले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अडथळा नेमका कुठे आहे याचा शोध लागला. अमेरिकेत अर्व्हिन ब्लँक आणि रॉबर्ट शॉइप्लाइन यांच्या कामातून दिसून आले, की त्वचेचा अडथळा म्हणजे बहुतांशी तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा शृंगस्तर. त्याची जाडी सुमारे १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदापेक्षाही कितीतरी कमी. १९७१ मध्ये या दोघांनी 'फिजिओलॉजिकल रिव्ह्यूज'मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये ॲलन मायकल्स, चंद्रशेखरन आणि जेन शॉ यांनी शृंगस्तराची तुलना विटांच्या भिंतीशी केली. चपट्या मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध थर हा चुना. औषधाची वाट बहुतेक करून या चुन्यातून जाते. म्हणून औषधाला स्निग्ध थरात विरघळता आले पाहिजे, आणि तो ओलांडल्यावर खालच्या पाणीदार ऊतीतही उतरता आले पाहिजे. ही दुहेरी अट बहुतेक औषधांना पेलत नाही.

त्वचा सगळीकडे सारखीही नाही. रॉबर्ट फेल्डमन आणि हॉवर्ड मेबाक यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावले आणि लघवीत किती खूण उतरते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागाच्या आतल्या बाजूचे शोषण १ धरले, तर तळपायाचे सुमारे ०.१४, पाठीचे १.७, कपाळाचे ६, जबड्याच्या कोनाचे १३ आणि वृषणाच्या त्वचेचे ४२ भरले. पट्टी किंवा जेल कुठे लावायचे, हा प्रश्न त्यानंतर सवयीवर सोडता येण्यासारखा राहिला नाही.

बोट लागणे आणि स्कोपोलामाइन

मळमळीच्या औषधांचा शास्त्रशुद्ध अभ्यास आधी समुद्रावर झाला. बोट लागणे ही खलाशांची आणि कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही जुनी ओळखीची व्यथा. दुसऱ्या महायुद्धात ती सेनापतींची चिंता झाली, कारण उलट्यांनी गळून गेलेले सैनिक किनाऱ्यावर उतरून लढणार कसे? ब्रिटनमध्ये हॉलिंग, मॅकार्डल आणि ट्रॉटर यांनी खलाशांवर औषधांची तुलना केली. १९४४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत हायोसिन, म्हणजेच स्कोपोलामाइन, सर्वांत उपयुक्त ठरले.

खुरासानी ओवा आणि धोतरा यांच्या कुळातील वनस्पतींत हे द्रव्य सापडते. धोतऱ्याचे विष म्हणून आपल्याकडे जे ओळखले जाते, त्यात याचाही वाटा असतो. यावरूनच त्याची अडचण लक्षात येते. उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर थोडे आहे. गोळी घेतल्यावर रक्तातली पातळी झपाट्याने चढते, तोंड कोरडे पडते, गुंगी येते, नजर धूसर होते. काही तासांत पातळी उतरते आणि पुन्हा गोळी घ्यावी लागते. औषध थेंबाथेंबाने, एकसारखे, कित्येक तास मिळत राहिले तर फायदा टिकेल आणि त्रास कमी होईल, हा विचार इथून आला.

१९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डायमेनहायड्रिनेटचा गुण योगायोगाने कळला. अंगावर पित्त उठते म्हणून हे औषध घेणाऱ्या एका बाईला ट्रामचा प्रवास अचानक सोसू लागला. लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर यांनी त्याच वर्षी 'जनरल बॅलू' या सैनिकी जहाजावर त्याची चाचणी घेतली. काही सैनिकांना औषध आणि काहींना औषध नसलेली दिसायला सारखी गोळी देण्याची पद्धत त्यांनी वापरली. मळमळ ही मनाशी आणि अपेक्षेशीही जोडलेली असते. औषध नसलेल्या गोळीनेही काहींना बरे वाटते. म्हणून अशी तुलना नसेल तर निष्कर्ष फसवा निघतो. त्वचेवरच्या जेलच्या बाबतीत हा धडा पुढे अनेक वर्षे विसरला गेला.

कानामागची पट्टी

१९६८ मध्ये अलेहांद्रो झाफारोनी यांनी कॅलिफोर्नियात अल्झा ही कंपनी काढली. औषधाचा वेग औषधाच्या साधनानेच ठरवावा, हे तिचे उद्दिष्ट होते. मायकल्स, चंद्रशेखरन आणि शॉ हे तिघेही तिथेच काम करत होते. त्यांनी मानवी त्वचेचे तुकडे दोन कप्प्यांच्या काचपात्रांत बसवून दहा औषधांचे वेग मोजले. स्कोपोलामाइन त्यांपैकी एक होते आणि ते सर्वांत आशादायक दिसले. त्याचा रेणुभार ३०३ आहे, शुद्ध अल्कलॉइड साधारण ५९ अंश सेल्सियसला वितळते, ते तेलात आणि पाण्यात दोन्हींत बऱ्यापैकी विरघळते. मुख्य म्हणजे, रोज काहीशे मायक्रोग्रॅम एवढी नगण्य मात्राच पुरते. प्रयोगात कानामागची त्वचा इतर जागांपेक्षा अधिक सहज वाट देते असे आढळले, म्हणून पट्टीची जागा तिथे ठरली.

मूळ रचनेत पट्टीचे क्षेत्रफळ २.५ चौरस सेंटिमीटर आणि आतले औषध १.५ मिलिग्रॅम होते. तिच्या थरांमध्ये एक सूक्ष्मरंध्री पटल होते. ते औषधाला त्वचेपेक्षाही सावकाश सोडत असे, त्यामुळे कोणाची त्वचा अधिक सच्छिद्र असली तरी वेगावर ताबा पट्टीचाच राही. त्वचा आधी स्वतःच औषध धरून ठेवते आणि मगच ते रक्तात जाऊ देते. हा उशीर भरून काढण्यासाठी चिकट थरात सुमारे १४० मायक्रोग्रॅमची आरंभिक मात्रा मिसळली होती. त्यानंतर तासाला सुमारे ५ मायक्रोग्रॅम या वेगाने तीन दिवस पुरवठा चाले.

परीक्षाही पायरीपायरीने झाली. काचपात्रातील मोजमापानंतर लघवीत उतरणारे औषध मोजले गेले. मग फ्लोरिडातील पेन्साकोला येथे ॲश्टन ग्रेबील यांच्या फिरत्या खोलीत माणसांना मुद्दाम गरगरवून पट्टीचा गुण तपासण्यात आला. ते निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर समुद्रावर चाचण्या झाल्या. डिसेंबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, या पट्टीला मान्यता दिली. संपूर्ण शरीरावर परिणाम करण्यासाठी त्वचेतून औषध देणारी ती पहिली मान्य पट्टी. तिचे दोषही नोंदले गेले : कोरडे तोंड, गुंगी, आणि पट्टी हाताळलेले बोट डोळ्याला लागल्यास त्या डोळ्याची विस्फारलेली बाहुली. पण चारही प्रश्नांची उत्तरे तिच्याबाबत मिळाली होती, आणि ती योग्य क्रमाने मिळाली होती.

फ्रांझची काच

१९७५ या वर्षाने या विषयाला आणखी एक साधन दिले. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फ्रांझ यांनी 'जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मटॉलॉजी'त काचेतल्या त्वचेचे निष्कर्ष जिवंत माणसाला लागू पडतात का, याचा कस लावला. फेल्डमन आणि मेबाक यांनी माणसांवर तपासलेल्या १२ द्रव्यांची फ्रांझ यांनी मानवी त्वचेच्या तुकड्यांवर परीक्षा घेतली. द्रव्यांचा चढता-उतरता क्रम बऱ्याच अंशी जुळला, आकडे मात्र सगळीकडे जुळले नाहीत. फरकाचे एक कारण नंतर कळले. माणसांवरच्या प्रयोगात त्वचेवर औषधाचा अगदी पातळ थर दिला होता आणि चोवीस तासांनी ती जागा धुतली होती. त्याच अटी काचेतही पाळल्यावर १९७८ मध्ये फ्रांझ यांना पुष्कळच चांगला मेळ मिळाला.

त्यांच्या नावाने ओळखला जाणारा 'फ्रांझ सेल' आज जगभरच्या औषधनिर्माण प्रयोगशाळांत दिसतो. काचेचे दोन भाग उभे एकावर एक बसतात. मधे त्वचेचा तुकडा किंवा पटल असते, शृंगस्तर वरच्या बाजूला. वरच्या भागाला डोनर म्हणतात, त्यात जेल लावायचे. खालच्या भागाला रिसेप्टर म्हणतात, त्यात बफर असते, चुंबकीय दांडी ते ढवळत राहते, आणि भोवतालच्या आवरणातून कोमट पाणी फिरून त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान ३२ अंशांच्या आसपास ठेवते. औषध जाण्याचे वर्तुळ लहान असते. १५ मिलिमीटर व्यासाच्या सेलमध्ये ते १.७७ चौरस सेंटिमीटर भरते. ठरलेल्या वेळी बाजूच्या नळीतून थोडे द्रावण काढायचे, तेवढेच ताजे बफर आत सोडायचे, आणि काढलेल्या नमुन्यातले औषध एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचे.

कृती सोपी दिसते, पण चुकायला जागा पुष्कळ. त्वचेखाली हवेचा एक बुडबुडा अडकला तर तेवढ्या जागेतून औषध उतरतच नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. तुकडा कापताना बारीक छिद्र राहिले तर आकडा खोटाच वाढतो. म्हणून आधी त्वचेतून पाण्याचे किंवा विजेचे वहन मोजून ती शाबूत असल्याची खात्री करतात. औषध पाण्यात फारसे विरघळत नसेल आणि रिसेप्टरमध्ये साधे बफरच असेल, तर त्वचा वाट द्यायला तयार असूनही खालचे द्रावण औषध घेत नाही. अशा वेळी बफरमध्ये अल्कोहोल किंवा प्रथिने मिसळावी लागतात. कोणाची त्वचा वापरली, यानेही उत्तर बदलते. उंदराची त्वचा मानवी त्वचेहून पुष्कळ सच्छिद्र असते, तर डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या त्वचेच्या जवळ जाते. जेल किती लावले, हाही कळीचा मुद्दा आहे. माणूस चोळतो तो थर चौरस सेंटिमीटरला काही मिलिग्रॅमच असतो. डोनर जेलने काठोकाठ भरला तर औषध संपतच नाही आणि प्रत्यक्षात कधीच मिळणार नाही असा वेग दिसतो.

२००४ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने काचेतल्या त्वचाशोषण चाचणीची मार्गदर्शिका, क्रमांक ४२८, प्रसिद्ध केली आणि या शिस्तीला सर्वमान्य रूप आले. २०११ मध्ये पॉल लेमन, सॅम रॅनी आणि फ्रांझ यांनी त्यापूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र पाहिले. काचेतल्या आणि माणसांवरच्या प्रयोगांच्या अटी जिथे पूर्णपणे सारख्या होत्या, तिथे दोन्ही आकड्यांचे सरासरी गुणोत्तर १ च्या अगदी जवळ आले. नीट केलेली काचेतली चाचणी विश्वासार्ह असते, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

सुटणे आणि ओलांडणे

याच काचपात्रात दुसरी एक चाचणी होते, आणि गैरसमजाचे मूळ इथे आहे. १९६१ मध्ये ताकेरू हिगुची यांनी मलमातून औषध सुटण्याचे गणित मांडले. सुटलेल्या औषधाचे प्रमाण वेळेच्या वर्गमुळाशी जुळते, म्हणजे पहिल्या तासात जेवढे सुटले त्याच्या दुप्पट चार तासांत आणि तिप्पट नऊ तासांत. मे १९९७ मध्ये एफडीएने अर्धघन औषधांसाठी काढलेल्या सुपॅक-एसएस या मार्गदर्शिकेत यावर आधारित चाचणी सांगितली. त्वचेऐवजी कृत्रिम पटल, सहा-सहा सेल, आणि जुन्या व नव्या उत्पादनाच्या वेगांचे गुणोत्तर ७५ ते १३३.३३ टक्क्यांच्या आत असावे, ही कसोटी.

ही चाचणी कारखान्यासाठी मोलाची आहे. मिश्रणयंत्र बदलले, कच्चा माल बदलला किंवा उत्पादनाची जागा बदलली, तरी जेल पहिल्यासारखेच आहे का, हे ती सांगते. पण कृत्रिम पटल शृंगस्तरासारखे अडवत नाही. त्यामुळे जेलमधून ८० टक्के औषध सुटले याचा अर्थ ८० टक्के औषध शरीरात गेले, असा होत नाही. भारतातील औषधनिर्माण महाविद्यालयांत ऑन्डॅन्सेट्रॉन, मेटोक्लोप्रामाइड आणि डॉम्पेरिडोन या मळमळीवरच्या औषधांच्या जेलवर पुष्कळ प्रबंध झाले आहेत. त्यांत डायलिसिसचे पटल किंवा उंदराची त्वचा वापरून आलेले आकडे असतात. कोणते सूत्र दुसऱ्यापेक्षा बरे, हे ठरवायला ते उपयोगी पडतात. माणसाची मळमळ थांबेल असा दावा मात्र त्यांवर उभा राहू शकत नाही.

मनगटावरचे जेल

१९८८ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी लेसिथिनपासून बनणाऱ्या सेंद्रिय जेलचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात पोलोक्सामर ४०७ या पदार्थाच्या जलीय द्रावणाची भर घालून अमेरिकेतील कंपाउंडिंग फार्मासिस्टांनी, म्हणजे रुग्णासाठी औषध स्वतः मिसळून देणाऱ्या औषधविक्रेत्यांनी, १९९०च्या दशकात 'पीएलओ' जेल तयार केले. पोलोक्सामरचे द्रावण फ्रिजमध्ये पातळ असते आणि कोमट झाल्यावर घट्ट होते. लेसिथिन आणि आयसोप्रोपाइल पामिटेट यांचे मिश्रण एका सिरिंजमध्ये, औषध कालवलेले पोलोक्सामर दुसऱ्या सिरिंजमध्ये घेऊन दोन्ही एका जोडाने जोडतात. मिश्रण इकडून तिकडे जोराने ढकलत राहिले की पिवळसर, गुळगुळीत जेल बनते. कोणत्याही लहान औषधालयात होण्याजोगी ही कृती असल्याने तिचा झपाट्याने प्रसार झाला. लेसिथिन त्वचेचे स्निग्ध थर सैल करून औषधाला वाट देईल, ही अपेक्षा होती.

कॅन्सरच्या आणि अखेरच्या आजारातील रुग्णांसाठी या जेलमध्ये चार औषधे एकत्र घालण्याचा प्रघात पडला. लोराझेपाम, डायफेनहायड्रामाइन, हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रामाइड यांच्या अमेरिकी व्यापारी नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एबीएचआर' नाव मिळाले. मेटोक्लोप्रामाइड वगळले की 'एबीएच'. चारही औषधे जुनी आणि तोंडावाटे किंवा शिरेतून दिल्यास गुणकारी ठरलेली. हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांच्या शुश्रूषागृहात, आणि घरी त्याचा वापर वाढला. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घरचे माणूस हातमोजा घालून एक मिलिलिटर जेल चोळायचे. सुई नाही, कडू गोळी नाही, आणि आपण आपल्या माणसासाठी काही करत आहोत याचे समाधान. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन छोट्या प्राथमिक अभ्यासांत बहुतेक रुग्णांनी बरे वाटल्याचे सांगितले. पण तुलनेसाठी औषध नसलेले जेल त्यांत नव्हते, आणि रक्तातले औषध कोणी मोजले नव्हते. हा उपाय वर्षानुवर्षे चालत राहिला तो या दोन उणिवांच्या आडोशाने.

त्वचाशास्त्राला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी शंका घ्यायला पुरेशा होत्या. त्वचा ओलांडायला रेणुभार ५०० पेक्षा कमी असावा, हा सर्वपरिचित दंडक चारही औषधे पाळतात, पण तेवढे पुरत नाही. लोराझेपाम १६० अंशांच्या पुढे, हॅलोपेरिडॉल १५० अंशांच्या आसपास वितळते. असे घट्ट बांधलेले स्फटिक त्वचेच्या स्निग्ध थरात फार थोडे विरघळतात. डायफेनहायड्रामाइन हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात असते, आणि विद्युतभारित रेणूंना शृंगस्तर अडवतो. आवश्यक मात्रा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे स्कोपोलामाइनच्या कित्येक पट. शिवाय मनगट ही जागा कानामागच्या त्वचेइतकी उदार नाही.

रक्ताची साक्ष

२०१२ मध्ये 'जर्नल ऑफ पेन अँड सिम्प्टम मॅनेजमेंट'मध्ये थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मोजमाप प्रसिद्ध केले. १० निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटावर हॉस्पिसमध्ये लावतात तसेच एक मिलिलिटर जेल लावले. त्यात २ मिलिग्रॅम लोराझेपाम, २५ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामाइन आणि २ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल होते. पुढचे चार तास ठरावीक अंतराने रक्त घेतले. मिलिलिटरमागे ०.०५ नॅनोग्रॅमपर्यंत शोध घेऊनही लोराझेपाम आणि हॅलोपेरिडॉल एकाही नमुन्यात सापडले नाही. डायफेनहायड्रामाइन पाच जणांत आढळले, तेही बहुतेकांत परिणाम होण्याच्या पातळीच्या खाली.

रक्तात नसले तरी गुण येत असेल, असा आक्षेप घेता येत होता. त्याचे उत्तर त्याच गटाने २०१४ मध्ये दिले. मळमळ असलेल्या कॅन्सर रुग्णांना एकदा एबीएच जेल आणि एकदा औषध नसलेले जेल, कोणते कधी हे रुग्णाला आणि देणाऱ्याला न कळता दिले. २२ रुग्णांची नोंद झाली, २० जणांची माहिती हिशेबात धरता आली. ० ते १० च्या मापावर तासाभरात मळमळ औषधी जेलने सरासरी १.७ ने आणि औषध नसलेल्या जेलने ०.९ ने उतरली. हा फरक योगायोगापलीकडचा नव्हता. थोडक्यात, बरे वाटत होते ते मुख्यतः वेळ गेल्यामुळे आणि कोणीतरी काळजी घेतल्यामुळे.

त्याआधीच, २०१३ मध्ये, अमेरिकेच्या हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह मेडिसिनच्या अकादमीने टाळण्याजोग्या उपचारांच्या यादीत मळमळीसाठी एबीएच जेल घातले होते. त्याची कारणे नैतिकही होती. जेलवर विसंबून राहिलेल्या रुग्णाला खरे औषध मिळायला उशीर होतो. आयुष्याचे मोजके दिवस उरलेल्या माणसाचे काही तास उलट्यांत जातात, आणि ते परत देता येत नाहीत. जेल निरुपद्रवी होते ही सबब इथे अपुरी पडते, कारण ज्याचा गुण नाही त्याचा अपायही कमी असणारच.

क्षेत्रफळाचे गणित

त्वचेचा मार्ग मळमळीसाठी बंद आहे, असा याचा अर्थ नाही. सप्टेंबर २००८ मध्ये एफडीएने केमोथेरपीतील मळमळीसाठी ग्रॅनिसेट्रॉनची पट्टी मान्य केली. या औषधाचा रेणुभार ३१२ आहे आणि लागणारी मात्रा लहान आहे. पट्टीत ३४.३ मिलिग्रॅम औषध असते, क्षेत्रफळ ५२ चौरस सेंटिमीटर. दिवसाला सुमारे ३.१ मिलिग्रॅम असे ती सात दिवसांपर्यंत देते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला ती केमोथेरपीच्या २४ ते ४८ तास आधी लावायची, कारण रक्तातली पातळी चढायला तेवढा अवधी लागतो.

दोन्ही पट्ट्यांचा हिशेब शेजारी ठेवला की त्वचेची मर्यादा स्पष्ट दिसते. ग्रॅनिसेट्रॉन चौरस सेंटिमीटरमागे तासाला सुमारे २.५ मायक्रोग्रॅम जाते. स्कोपोलामाइन मूळ रचनेच्या आकड्यांनुसार सुमारे २ मायक्रोग्रॅम. वेग जवळपास सारखाच. दिवसाची मात्रा वाढवायची तर क्षेत्रफळ वाढवण्यावाचून उपाय नव्हता, म्हणून दुसरी पट्टी पहिलीच्या सुमारे एकवीस पट मोठी झाली. आणि आरंभाचा उशीर दोन्हीकडे आहे. म्हणून त्वचेवरचे औषध येऊ घातलेली मळमळ रोखायला योग्य. उसळलेली मळमळ पाच-दहा मिनिटांत शमवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही.

आजचा क्रम

नव्या जेलची परीक्षा आता ठरलेल्या क्रमाने होते. आधी औषधाचे गुण पाहतात : रेणुभार, वितळणबिंदू, तेल-पाण्यातील विभागणी आणि दिवसाची गरज. त्यांवरून चौरस सेंटिमीटरमागचा आवश्यक वेग काढला, की बऱ्याच कल्पना कागदावरच गळून पडतात. मग जेलचा चिकटपणा, आम्लता आणि साठवणीतील टिकाऊपणा यांची तपासणी. त्यानंतर कृत्रिम पटलातून औषध सुटण्याची चाचणी, आणि ती पार पडल्यावर मानवी किंवा डुकराच्या त्वचेतून ओलांडण्याची, पातळ थर देऊन, अनेक दात्यांच्या त्वचेवर. शेवटी त्वचेवर, त्वचेत आणि रिसेप्टरमध्ये मिळून लावलेल्या औषधाचा पूर्ण हिशेब लागला पाहिजे. मग स्वयंसेवकांच्या रक्तातील पातळी, आणि अखेर औषध नसलेल्या जेलशी तुलना करणारी रुग्णांवरची चाचणी.

प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा खर्च आणि धोका कमी करते, पण तिची जागा घेत नाही. स्कोपोलामाइनच्या पट्टीने १९७०च्या दशकात हा क्रम पाळला आणि ती आजही वापरात आहे. एबीएच जेलने तो उलटा चालवला. आधी वापर झाला आणि मोजमाप नंतर आले, त्यामुळे त्याचा निकाल लागायला अनेक वर्षे गेली. त्वचेतून औषध देण्याचा कोणताही नवा दावा समोर आला, तर तो कोणत्या पायरीवरच्या पुराव्याने केला आहे, हे वैद्याने, औषधविक्रेत्याने आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही विचारले पाहिजे.